व्हय म्हणायला जागा

माझे सासरे रेकॉर्डिंगला बसताना इस्त्रीचा शर्ट घालायचे. बाबा, फक्त आवाज जाणार आहे, चेहरा नाही, असं मी सुरुवातीला सांगून पाहिलं. "लोकांच्या घरात जातलंय ना?" ते म्हणाले. "मग गंजीफ्रॉकावर जावचा?" मी वाद हरले. आणि वाद हरले की मला राग येतो, हे आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे.

मी मूळची सोलापूरकडची, सासरची माणसं कोकणातली. लग्न करून मुलुंडच्या चाळीत आले, तेव्हा गणपतीत पहिल्यांदा सासऱ्यांचं गाऱ्हाणं ऐकलं. गाऱ्हाणं म्हणजे देवाला घरातलाच वडीलधारा समजून त्याच्यापुढे मोठ्याने केलेली मागणी. एकाने मागायचं, वाक्य झालं की थांबायचं, आणि जमलेल्यांनी एका सुरात "व्हय म्हाराजा" म्हणायचं. माझ्या कानाला ते आधी भांडणच वाटलं. देवाशी कुणी इतक्या चढ्या आवाजात बोलतं हे मला ठाऊकच नव्हतं. पण चाळीत कुणाकडे पूजा असो, नवीन फ्रीज आलेला असो की कुणाची पोर बारावी पास झालेली असो, गाऱ्हाण्याला बोलावणं आमच्याच घरी यायचं. सासऱ्यांची मिल बंद पडली, पुढे त्यांनी एका गोदामात हिशेब पाहिले, तिथूनही निवृत्त झाले. हे काम मात्र त्यांच्याकडेच राहिलं.

मग चाळ पाडून टॉवर उभा राहिला. गणपती क्लबहाउसमध्ये गेला. पहिल्याच वर्षी सासरे गाऱ्हाण्याला उभे राहिले, तर माइक धरलेला कमिटीतला एक जण म्हणाला, "काका, जरा पटकन आटपा ना, पुढे अंताक्षरी आहे." त्यांनी पटकन आटपलं. पुन्हा कधी उभे राहिले नाहीत. हळूहळू त्यांचं घरातलंही बोलणं कमी झालं. चाळीत दार उघडं असायचं, येणारा-जाणारा दोन शब्द टाकून जायचा. इथे समोरच्या दाराआड कोण राहतं हे कुरिअरवाल्यालाच माहीत. "ह्येंचा तोंड बिल्डरान नेल्यान," सासूबाई म्हणायच्या आणि हसायच्या, पण ते हसणं खरं नसायचं.

पॉडकास्टची कल्पना माझी. मी अंधेरीत एका गाद्यांच्या कंपनीत ऑनलाइन जाहिराती बघते, म्हणजे लोकांना झोप विकते. ऑफिसमधून नमुन्याचे फोमचे तुकडे आणून मी आतल्या खोलीच्या भिंतीला चिकटवले, ऑनलाइन एक माइक मागवला आणि शिमग्याच्या सुमारास सासऱ्यांना पुढ्यात बसवलं. नवरा म्हणाला, "बाबा बोलणार? ते हल्ली भाजी काय आणू तेसुद्धा खुणेने विचारतात."

सासऱ्यांनी माइककडे बघितलं, डोळे मिटले, हात जोडले आणि गाऱ्हाणंच घातलं.

"बा देवा म्हाराजा! आज ह्या पोरीन माका ह्या काळ्या बोंडासमोर बसवलेला आसा. तर जा काय मी बोलतलंय, ता गोड मानून घे!"

आणि थांबले. स्वयंपाकघरातून, चुर्र आवाजाच्या वरून, सासूबाईंचा आवाज आला. "व्हय म्हाराजा!"

"जो कोण आयकता, तेच्या घरादाराचा बरा कर!"

"व्हय म्हाराजा!"

मग ते बोलत सुटले. गावची विहीर उपसताना कोण कुठे उभं राहायचं, दोन भावांच्या हद्दीवर वाढलेल्या फणसाचे गरे कसे वाटायचे, रात्रपाळीला कुणाच्या डब्यात काय असायचं. मला निम्मं कळत होतं, तरी हेडफोन काढवेना. त्या दिवशी जेवताना त्यांनी आपणहून आणखी भात मागितला, तोही तोंडाने.

दर रविवारी एक भाग असा आमचा रिवाज पडला. गाऱ्हाण्याशिवाय सुरुवात नाही. सासूबाई आंघोळीला गेलेल्या असल्या तरी सासरे प्रत्येक वाक्यानंतर तेवढेच थांबायचे. कोण नाही, कशाला थांबताय, असं मी खुणेने विचारायची. ते हातानेच मला गप्प करायचे.

ऐकणारे म्हणाल तर नातेवाईक. त्यांनीही पहिल्या दोन भागांपर्यंत कर्तव्य केलं आणि सुटले. सासरे दर आठवड्याला विचारायचे, "कितके आयकतत?"

"वाढतायत हळूहळू."

"भात शिजता तसा काय?"

पावसाळ्याच्या तोंडावर त्यांनीच सांगून टाकलं. "चवथीपर्यंत बघूया. कोण आयकणारो नसात तर बंद करूया. भिंतीक सांगाक माका काय वेड लागला?" चवथ म्हणजे गणपती. सासूबाई माझ्याकडे बघत राहिल्या. बंद झालं तर हा माणूस पुन्हा खिडकीपाशी जाऊन बसणार आणि भाजीसाठी बोट दाखवणार, हे आम्हा दोघींना दिसत होतं. मला तर रडूच आलं, आणि मला रडू आलं की मी कामाला लागते.

गाद्या खपवते तर सासरे का नाही खपणार? त्यांनी दिलेलं नाव होतं 'माझे चार शब्द'. या नावावर कोण क्लिक करणार? मी भागांना शीर्षकं द्यायला लागले. लोक भुतं शोधतात, हे मला माहीत होतं, म्हणून विहीर उपसण्याच्या भागाला नाव दिलं, 'मध्यरात्री विहिरीत काय दिसलं?' लोक आले. एकाने खाली लिहिलं, भूत कुठाय? दुसऱ्याने लिहिलं, गाळ काढतायत नुसता. सासऱ्यांनी ते माझ्याकडून वाचून घेतलं आणि चष्मा काढला. "पावण्यांका मटणाचा सांगून बोलवूचा आणि पिठी-भात वाढूचो? माका लाज वाटली गो." शीर्षक मी त्याच संध्याकाळी बदललं.

मग लिफ्टमध्ये पॉडकास्टचा स्कॅन करायचा कोड छापलेला कागद चिकटवला. सेक्रेटरीने काढला, कारण तिथे फक्त प्लंबर आणि डबेवाल्या काकूंच्या जाहिरातीला परवानगी होती. मग छोटे व्हिडिओ करायचे ठरले, म्हणून आम्ही गोराईला गेलो. मागे समुद्र हवा होता ना मला! सासरे वाऱ्यात शर्ट सांभाळत उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत, आणि परतीच्या बोटीत सुक्या बोंबलाची पिशवी मांडीवर घेऊन इतके खूश होते की मला ओरडताही येईना. त्या व्हिडिओत फक्त वारा ऐकू येतो.

शेवटी निदान एवढं तरी म्हणा, अशी मी गळ घातली, की आवडलं तर चार जणांना सांगा, आम्हाला कळवा.

"मी लोकांकडे मागूचंय नाय."

"देवाकडे तर दर रविवारी मागता!"

"तो देव आसा. तेका सवय आसा."

मी माझा नंबर भागाखालच्या मजकुरात टाकला.

भाग कुणी किती वेळ ऐकला याचा आलेख मला दिसायचा. सुरुवातीला डोंगर, मग धाडकन उतार. गाऱ्हाण्यातच निम्मे लोक पळायचे. मात्र एक बारीक रेघ दर भागात शेवटपर्यंत जायची. कुणीतरी एक जण होता, तो कधीच मधे सोडायचा नाही. पण माझ्या धंद्यात एक म्हणजे काहीच नाही. सासऱ्यांना काय सांगू, एक आहे म्हणून?

आमच्या ऑफिसातली जाहिरातीची पहिली शिकवण अशी, की सुरुवातीला माणूस पकडला नाही तर तो गेला. गाऱ्हाणं काढलं तर सासरे उठून जातील हे नक्की होतं. म्हणून मी मधला मार्ग काढला. गाऱ्हाणं ठेवलं, फक्त त्यातल्या रिकाम्या जागा काढल्या. एक बटण दाबलं की शांतता आपोआप कापली जाते. सासूबाईंचं "व्हय म्हाराजा" लांबून, अस्पष्ट यायचं, तेही त्यात गेलं. सासरे आता एका दमात देवाला सगळं सांगून मोकळे होत होते. ऐकायला झकास वाटलं. उतार थोडा कमी झाला, नवीन चार-दोन माणसं टिकली. मी ऑफिसात बसून स्वतःचीच पाठ थोपटली.

ती बारीक रेघ मात्र गेली. गाऱ्हाणं संपायच्या आतच तुटायची. मला वाईट वाटलं, पण एकासाठी किती थांबायचं?

चवथ पंधरवड्यावर आली आणि एका अनोळखी नंबरावरून व्हॉइस मेसेज आला. म्हाताऱ्या माणसाचा खरखरीत आवाज होता.

"नमस्कार. मी घाटकोपरसून बोलतंय. ते तुमचे बोलणारे आसत ना, तेंका जरा सांगा, पयल्यासारखे सावकाश बोला. हल्ली आमका व्हय म्हणूक जागाच गावना नाय. आम्ही व्हय म्हणासर ते पुढे निघान जातत. काय चुकला असात तर माफी करा."

मी तो मेसेज ऑफिसच्या जिन्यात उभी राहून ऐकला. 'आमका' म्हणजे कुणाला? मी लगेच फोन लावला.

घाटकोपरला त्यांच्या गावच्या मंडळाची एक खोली होती. तिथे दर रविवारी संध्याकाळी माणसं जमायची, सतरंजी घालायची. कुणाच्या तरी नातीने एका फोनला स्पीकर जोडून दिला होता. "एक लावता आणि सगळे आयकतत," ते म्हणाले. "प्रत्येकान आपापलो फोन काढून बसूक ती काय शाळा आसा?" गाऱ्हाणं चाललेलं असताना सगळे उभे राहायचे, हात जोडून. रिकाम्या जागा आल्या की व्हय म्हणायचे, मग खाली बसून चहा. पण हल्ली उभं राहून अपमान झाल्यासारखा वाटतो, म्हणून बंद करून टाकतात, असं त्यांनी फार सांभाळून सांगितलं.

माझी ती एक बारीक रेघ म्हणजे एक भरलेली खोली होती, आणि ती मीच बटण दाबून रिकामी केली होती. काका, जरा पटकन आटपा, असंच मीही म्हटलं होतं की. जिन्यात कुणी नव्हतं ते बरं झालं.

मी त्यांना विनंती केली, की जुना एखादा भाग लावा आणि तुम्ही ऐकत असताना खोलीचा आवाज मला रेकॉर्ड करून पाठवा. त्यांनी पाठवला.

त्या रविवारी सासरे रेकॉर्डिंगला आले ते गंजीफ्रॉकावर. "आज शेवटचा करूया," म्हणाले आणि स्टुलावर बसले. इस्त्रीचा शर्ट आत खुंटीला होता. मी हेडफोन त्यांच्या कानावर चढवला आणि घाटकोपरचं रेकॉर्डिंग लावलं.

आधी पंख्याची घरघर. मग स्पीकरमधून त्यांचाच आवाज: जो कोण आयकता, तेच्या घरादाराचा बरा कर. मग ती जागा. आणि त्या जागेत बायका-पुरुषांचा, जाड-बारीक, सगळा मिळून एक आवाज: व्हय म्हाराजा.

सासऱ्यांनी दोन्ही हातांनी हेडफोन दाबून धरला.

"परत लाव."

लावलं. संपल्यावर पुन्हा तेच. मी घाटकोपरच्या खोलीची हकीकत सांगितली, माझ्या बटणासकट. मला वाटलं, रागावतील. त्यांनी ऐकलं की नाही कोण जाणे. ते भलत्याच विचारात होते.

"एक जण मागसून म्हणता," ते म्हणाले. "सगळ्यांचा झाल्यावर. कानान कमी असात बिचारो. तेच्यासाठी जरा जास्त थांबाक होया."

आणि उठून आत गेले. आले ते शर्ट घालून, केस ओले करून, भांग पाडून. सासूबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी आत वाकून बघितलं, पदर डोळ्यांना लावला आणि गॅसकडे निघून गेल्या. मी माइक चालू केला.

"बा देवा म्हाराजा! घाटकोपराक जी काय लेकरां जमान बसली आसत, तेंका सुखी ठेव!"

"व्हय म्हाराजा!" सासूबाई.

ते थांबले. नेहमीपेक्षा जास्त थांबले. मागून म्हणणाऱ्याचं होऊ दिलं. मग डोळे मिटलेलेच ठेवून त्यांनी पुढचं वाक्य उचललं.

"म्हाराजा, ही देशावरची पोर आमच्या घरात इली. हिका आमची भाषा येना नाय, जरा तापट आसा, पण हिना माका बोलाक लावल्यान. तर हिच्या मनात जा काय असात, ता पुरा कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सासूबाई एवढ्या जोरात ओरडल्या की आवाज मोजणारा पट्टा लाल झाला.

पडद्यावर पुढे शांततेची सपाट रेघ चालत राहिली. माझ्या मनात जे काय होतं ते तर समोरच शर्ट घालून बसलं होतं. येत्या रविवारी घाटकोपरच्या एका खोलीत, मला कधी न पाहिलेली माणसं हात जोडून उभी राहतील आणि माझ्यासाठी व्हय म्हणतील. आणि एक जण, सगळ्यांचं झाल्यावर, मागून. मी माउसवरचा हात काढून मांडीवर ठेवला आणि ती जागा होती तेवढी राहू दिली.