नोराआजीची घोडी

मला गाता येत नाही हे शिकागोजवळच्या नेपरव्हिलमधल्या प्रत्येक मराठी कुटुंबाला ठाऊक आहे, कारण माझ्या साडूने ते माइकवरून जाहीर केलेलं आहे.

पंधरा वर्षं झाली. मंडळाचा गणेशोत्सव, समूहगान, मी दुसऱ्या रांगेत. आमचे साडू अविनाशराव (मंडळाचे संगीतप्रमुख, स्वतःच नेमलेले) सगळ्यांसमोर मला म्हणाले, "तुम्ही नुसतं तोंड हलवा. आवाज काढू नका." माइक चालू होता! लोक अजून हसताहेत. मी दोन बॅगा घेऊन या देशात आलो, लोकांच्या बाथरूममध्ये फरश्या बसवल्या, आज माझं ग्रॅनाइटचं स्वतःचं दुकान आहे. पण मंडळात माझी ओळख काय? तोंड हलवणारा.

तर माझ्या मुलीचं, इराचं लग्न ठरलं. मुलगा केविन. त्याच्या घरची मुळं आयर्लंडची. हॉल बघायला दोन्ही घरची माणसं गेलो. केविनची आजी नोरा, वय नव्वदीला टेकलेलं, एका खुर्चीत बसून होती. मी मॅनेजरशी बोलत होतो. बोलत होतो म्हणजे, अडीच तास बोलत होतो. खुर्च्यांना कापडी खोळी घालायचे वेगळे पैसे! खुर्ची काय थंडीने कुडकुडते?

"बाबा, प्लीज," इरा म्हणाली. "धिस इज सो एम्बॅरसिंग."

शेवटी मी हुकमी अस्त्र काढलं. उठलो आणि दाराकडे निघालो. आपल्याकडे गिऱ्हाईक पायरी उतरायच्या आत दुकानदार हाक मारतो. इथे मॅनेजर म्हणाला, "हॅव अ नाइस डे!" बाहेर बर्फ पडत होता आणि माझा कोट आत होता. पाच मिनिटं थांबलो, हाक आली नाही, मग कोट घ्यायच्या निमित्ताने आत गेलो आणि बोलणी पुन्हा सुरू केली.

तेव्हाच नोराआजी गुणगुणायला लागली. तोंडभर हसत, माझ्याकडे बघत.

"माझी आई म्हणायची हे गाणं," ती म्हणाली. "कित्येक वर्षांनी आज एकदम आठवलं. नाव आठवत नाही, शब्दही नाहीत. एक बाजार आहे, एक घोडी आहे. शेवटी घोडी मरते. एकदा पुरं ऐकायला मिळालं असतं तर..."

माझं काळीज विरघळलं. मी छातीवर हात ठेवून सगळ्यांसमोर शब्द दिला, "आजी, लग्नात तुम्हाला हे गाणं ऐकवतो."

केविन घाबरून म्हणाला, "काका, आम्ही वीस वर्षं शोधतोय. इंटरनेटवर नाहीये ते."

"तुम्ही शोधलंत," मी म्हणालो. "मी अजून शोधलेलं नाही."

घरी येऊन ती चाल मी फोनला ऐकवली. गाणं ओळखणारं अॅप असतं ना, ते. अॅप म्हणालं, गाणं आढळलं नाही. पुन्हा ऐकवली. अॅप म्हणालं, कृपया आजूबाजूचा गोंगाट कमी करा. खोलीत मी एकटाच होतो!

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, "अहो, अविनाशभावजींना विचारा ना. त्यांना गाण्यातलं कळतं."

यापेक्षा जळती पणती जिभेवर ठेवली असती. पण तिनेच फोन लावला आणि बाजार, घोडी सगळं सांगितलं. अविनाशरावांनी डोळे मिटले (व्हिडिओ कॉल होता, दिसत होतं) आणि म्हणाले, "स्पष्ट आहे. बाजार म्हणजे संसार. घोडी म्हणजे देह. शेवटी देह पडतो. निर्गुणी भजनासारखंच आहे हे. पण तुम्ही यात पडू नका, वसंतराव. सूर लागतात त्याला."

मी फोन ठेवला. म्हणजे आपटला. आता प्रश्न आजीचा राहिला नव्हता, माझ्या इज्जतीचा झाला होता.

केविनकडून पत्ता काढून एका रविवारी दुपारी शिकागोतल्या एका आयरिश पबमध्ये गेलो. कोपऱ्यात गोल टेबलाभोवती सात-आठ जण फिडल, बासऱ्या वाजवत होते. मधोमध एक पांढऱ्या दाढीचे आजोबा. मी चाल गुणगुणलो. कोणालाच ओळखता आली नाही. मग बाजार सांगितला, घोडी सांगितली, घोडी मरते तेही सांगितलं. आजोबांचे डोळे चमकले.

"माहीत आहे मला," ते म्हणाले. "आमच्या गावाकडचं."

झालं! मी खुर्ची पुढे ओढली, चेहरा निर्विकार केला. "काय घेणार?"

"काही नाही."

मी चपापलो. काही नाही म्हणणारा माणूस सगळ्यात महाग पडतो, हा माझा तीस वर्षांचा अनुभव. "तरी पण? आकडा सांगा."

"इथे गाणं विकत नाहीत," आजोबा म्हणाले. "तू एक गा, मग मी एक गातो. अशीच पद्धत आहे."

"नाव तेवढं सांगा, गाणं नंतर बघू."

"तू गा."

"निम्मं गातो."

"पुरं."

उठून दाराकडे निघालो. कोणीही हाक मारली नाही. हा देशच तसा आहे! परत आलो. पण गाऊ काय? पंधरा वर्षं फक्त तोंड हलवल्यामुळे एकही गाणं पाठ नव्हतं. पाठ होतं ते एकच, शाळेत गुरुजींनी छडीच्या तालावर पाठ करून घेतलेलं, ज्याच्या जिवावर मी आजवर धंदा केला. डोळे मिटले आणि सुरू केलं:

"एकोणतीस एके एकोणतीस... एकोणतीस दुणे अठ्ठावन्न... एकोणतीस त्रिक सत्त्याऐंशी..."

शाळेतला तोच रडका हेल! बासरीवाल्या बाईने हळूच सूर धरला. एकोणतीस दाहे दोनशे नव्वदला पोचलो तेव्हा एकीने डोळे पुसले. आजोबांनी माझा हात दाबला. "फार दुःख आहे रे यात."

"आहे," मी म्हणालो. खोटं नाही. एकोणतीस सातेला गुरुजी नेहमी मारायचे.

मग आजोबा गायले, आणि मी फोनवर रेकॉर्ड केलं. गाण्याचं नाव, 'टिमची घोडी'. अर्थ असा: टिम नावाचा माणूस बाजारात घोडी घ्यायला जातो. सकाळी घासाघीस सुरू होते. दर कडव्यात तो रागावून निघून जातो आणि काहीतरी विसरलं म्हणून परत येतो. तरणी घोडी कडव्यागणिक म्हातारी होत जाते. शेवटच्या कडव्यात ती उभ्या जागी मरते, आणि टिम म्हणतो, "मेली ना? मग आता निम्म्यात द्या!"

पब हसून लोळत होता. आणि नोराआजीला हे गाणं इतक्या वर्षांनी नेमकं त्याच दिवशी का आठवलं, याचा माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

पण शब्द दिला होता. रेकॉर्डिंग केविनला पाठवलं. लग्नात केविनच्या सगळ्या नातेवाइकांनी ते गायलं, मी मांडवात शिरताना. नोराआजी हसून हसून रडली, माझा गालगुच्चा घेतला. अविनाशरावही उत्साहाने गर्दीत घुसले. त्यांच्या देहाच्या, संसाराच्या अर्थाचं काय झालं ते विचारलं नाही मी. फक्त कानाशी जाऊन म्हणालो, "शब्द येत नसतील तर नुसतं तोंड हलवा."

पंधरा वर्षांचा काटा निघाला! तृप्त मनाने वळलो, तर हॉलचा मॅनेजर बिल घेऊन उभा. मी बिल पाहिलं, टेबलांवरची फुलं पाहिली.

"ही फुलं तर मेलेली आहेत," मी म्हणालो. "निम्मे लावा."

मागे नोराआजीने चाल धरली.