पार्किंगखालची चोपलेली जमीन

परवा कपाट आवरताना जुनी खुरपी सापडली आणि कॅनडातल्या हॅलिफॅक्समधली ती गारठलेली सकाळ आठवली. बंदराजवळच्या पार्किंग लॉटवर कॉन्डो, म्हणजे फ्लॅटची इमारत होणार होती. त्याआधी खाली काही जुनं आहे का, ते पाहायला आम्ही चाचणीचे खड्डे खणत होतो. मी पुरातत्त्व शिकता शिकता तिथे पार्टटाइम माती चाळायचे. तीन दिवस काहीच मिळालं नाही. चौथ्या दिवशी आमच्या प्रमुख बाई म्हणाल्या, "नुसती चिकणमाती आहे. खोदायचं मशीन येऊ दे." मी खड्ड्यात गुडघे टेकून तळावर हात फिरवला, तर तो सपाट आणि घट्ट लागला. माझे बाबा गवंडी. त्यांच्याबरोबर धुमसाने कितीतरी जमिनी चोपल्या होत्या मी. "थांबा," मी धीर करून म्हटलं, "ही कुणीतरी चोपलेली जमीन आहे." बाईंनी मशीन थांबवलं. दुपारपर्यंत तिथे कुणाच्या तरी जुन्या घराच्या चुलीचे काळवंडलेले दगड उघडे पडले. "तुला कसं कळलं?" बाईंनी सगळ्यांसमोर विचारलं. "बाबांनी शिकवलं," मी म्हटलं. त्या वहीत माझं नाव लिहू लागल्या, तेव्हा मी म्हणाले, "मधलं नाव गाळू नका, ते त्यांचं आहे." आज मी स्वतः खोदकामं सांभाळते, पण वहीतल्या त्या एका ओळीइतका अभिमान मला अजून कशाचाच वाटलेला नाही.