बारा पडद्यांवरची चिठ्ठी

मसाटच्या आमच्या प्लास्टिकच्या कारखान्यात संगणकावर चालणारी नवी मशिनं यायची होती. जुन्या बारा ऑपरेटरांना आधी संगणक शिकवायचा आणि शेवटी कोण ठेवायचा, कोण सोडायचा याची यादी द्यायची, असं मॅनेजरसाहेबांनी मला सांगितलं. मी नाशिकची इंजिनिअर, त्यात लिनक्सची हौस. म्हटलं, हात्तिच्या, एवढंच ना!

वर्गातल्या बाराही संगणकांना हार्ड डिस्क नव्हती. म्हणून मी पेनड्राइव्हवरून चालणारी स्वतःची लिनक्स बनवली. ती बंद केली की दिवसभराचं सगळं विसरते आणि दुसऱ्या दिवशी, मी ठरवून दिलेल्या रूपात पुन्हा उभी राहते. मोठी अक्षरं, ठळक चिन्हं, मराठी-गुजराती-हिंदी कळफलक, हे सगळं मी आधी माझ्या लॅपटॉपवर मनासारखं लावून घेतलं. मग त्यातलं एकेक सेटिंग वेगळं काढायचा कंटाळा केला आणि माझं अख्खं फोल्डरच नव्या सिस्टीमच्या साच्यात ओतलं. आमलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीवर चालवून पाहिलं, तर हुबेहूब माझाच डेस्कटॉप! मी स्वतःवर बेहद्द खूश झाले. जे रोज डोळ्यांसमोर असतं ते दिसेनासं होतं, हे मला कुठे ठाऊक होतं?

आठ दिवस वर्ग छान चालला. मी आठला पोचायचे तेव्हा सगळे संगणक चालू असायचे. शिपाई करत असेल, असं मी धरून चालले.

नवव्या दिवशी मी दारात पोचले. अकरा माणसं खुर्च्या सोडून उभी होती, आणि कुणीतरी चालू केलेला रिकाम्या खुर्चीपुढचा संगणक धरून बाराही पडद्यांवर एकच पिवळी चिठ्ठी उघडी होती. वर मथळा, 'साहेबांना द्यायची यादी'. 'ठेवायचे' खाली सात कामगारांचे टोकन नंबर, 'सोडायचे' खाली पाच. वर्ग सुरू व्हायच्या आधीच, नुसत्या अंदाजाने मी ती माझ्या लॅपटॉपच्या पडद्यावर खरडून ठेवली होती, आणि फोल्डराबरोबर तीही साच्यात गेली होती. शेवटच्या नंबरापुढे लिहिलं होतं, 'वय झालं. डोक्यात शिरणार नाही.' आणि अक्षरं तर मीच मोठी करून ठेवली होती.

साच्यावर ओरखडा असला की तो प्रत्येक नगावर उमटतो, हे मशिनवर रोज ओरडून सांगणारी मीच. मी धावत एकेक चिठ्ठी मिटवू लागले. घाबरून दोन संगणक बंद करून पुन्हा चालू केले, तर चिठ्ठी परत हजर. पाचांतल्या एकाने डबा उचलला आणि तो निघून गेला.

"काल हे नव्हतं ना रे?" मी शिपायाला विचारलं.

"मला काय माहीत मॅडम, मी तर हातसुद्धा लावत नाही. ते धुळ्याचे काका रोज सातला चावी घेऊन जातात. आज नाही आले."

तो शेवटचा नंबर त्या काकांचाच होता. दुपारच्या पाळीला ते आले तेव्हा मी त्यांना गेटवरच गाठलं. सकाळी काय झालं हे त्यांना अजून कोणी सांगितलं नव्हतं. संगणक चालू करून ठेवता का, एवढंच मी विचारलं. त्यांनी मान खाली घातली, जणू चोरी त्यांनीच केली होती.

"शिकाचं म्हनून पहिल्या दिशी लवकर आलो. बटन दाबलं तं ते दिसलं. फुलीवर दाबून मिटवलं. दुसऱ्या दिशी परत तेच. मंग बाराच्या बारा पाहिले. मले वाटलं, कंपनीनंच मुद्दाम लावेल आहे. आपलं ठीक आहे, पन त्या चौघाइले लहान लेकरं आहेत. वर्गात तोंड कसं दाखवतील?"

हा माणूस आठ दिवस, कुणी न शिकवता, माझ्या आधी येऊन माझे बारा संगणक सांभाळत होता.

"काका, मला का नाही सांगितलं?"

"तुम्हीच लिहेल आहे ना मॅडम ते."

"चुकलं माझं. यादी अजून साहेबांकडे गेलेली नाही. मी आत्ता बदलते."

ते कसंनुसं हसले. "सकाळी खडोलीले जाईल होतो, दुसऱ्या कंपनीत. वाटलं, एक दिवस तुम्ही यायच्या आत कोनी बटन दाबनार नाही. सोमवारपासून ये म्हटले. शब्द देऊन आलो."

ते कार्ड पंच करायला वळले, आणि काहीतरी आठवून परत आले.

"सोमवारपासून तुम्ही सातलाच येत जा मॅडम. बाकीचे यायच्या आत मिटवा लागतं."