बाहेरून लावलेलं कुलूप

मी कोर्टात बेलीफ आहे. कर्ज थकलं की गहाण घराचा ताबा घेण्याचं वॉरंट निघतं आणि ते बजावायला मला पाठवतात. ठरलेल्या तारखेपर्यंत ताबा घेता आला नाही, तर कारण लिहून मुदत वाढवून मागायची असते.

अक्कलकुव्यात गाद्या भरणाऱ्याचं एक घर होतं. कापूस पिंजायच्या मशीनसाठी त्यानं ते गहाण टाकलं, आणि मग रेडीमेड गाद्या आल्या. मी गेलो तेव्हा तो कामासाठी सुरतेला होता. दारात त्याची बायको उभी राहिली. आत तिची मुलगी, ओली बाळंतीण.

"भाऊ, पोरना सव्वा महिना होऊ द्या. मंग आम्ही आपसूक निंघी जासूत."

मी तिला युक्ती सांगितली. बाहेरून कुलूप लावा, घर बंद सापडलं असं मी लिहितो.

"आनि कोर्टनी इचारं तं?"

"ते मी बघतो." हे म्हणताना मला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

कोर्टानं खरंच विचारलं. "आत कोणी राहतं का?" मी म्हणालो, "नाही साहेब." पंधरवड्याची मुदत मिळाली. मी फोन केला तेव्हा ती रडत दुवा देत होती.

पुढच्या तारखेला मी तेच लिहून नेलं. या वेळी कर्ज देणाऱ्या कंपनीचा वकील उठला. घरात कोणी राहतच नाही, तर कुलूप तोडायची परवानगी द्यावी. न्यायाधीशांनी माझ्याकडे पाहिलं. बोललो असतो तर नोकरी गेली असती. मी गप्प राहिलो.

त्याच दुपारी पोलिसांसह निघालो. गाडीत कंपनीचा माणूस मला खेटून बसला होता. "बेलीफसाहेब, हे घर तुम्हाला लाजतं का हो? तुम्ही आलात की दार बंद!" फोन खिशात होता. मी तो काढला नाही.

भीतीनं ती आता रोजच कुलूप लावून शेजारच्या ओट्यावर बसायची. आम्हाला पाहून ती उठली, पण ओरडली नाही. कुलूप बघून मी नेहमीसारखा परत फिरेन, असं तिला वाटलं असावं. पहिला घाव पडला तेव्हा तिनं दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

आत अंधारात मुलगी भिंतीला टेकून बसली होती. बाळानं रडू नये म्हणून तिनं त्याला छातीशी घट्ट दाबून धरलं होतं. हवालदार मागे सरला. "अरे, इथं तर बाळंतीण आहे!"

ताबा तरीही घेतला गेला. नंतर एक वकील मला म्हणाले, "बाळंतीण आहे एवढं कळलं असतं, तर साहेबांनी आपणहून वेळ दिला असता. म्हणून तर विचारलं त्यांनी."

नवापूरला बहिणीकडे जायला ती मुलीला आणि बाळाला घेऊन रिक्षात बसत होती. मी खाली मान घालून उभा होतो. "भाऊ, तुमना काही दोष नही," ती म्हणाली. "तुमीन तं खूप करं आमनासाठे."

कोर्टानं मला काय विचारलं होतं, ते तिला माहीत नव्हतं. मी अजूनही सांगितलेलं नाही.