ठेच्यातले अधमेले

सांगा बरं, खाण्याच्या वस्तूत विश्वास कोणावर ठेवायचा? नाकावर, जिभेवर की लॅबच्या शिक्क्यावर? नांदुऱ्यात लोणची-ठेच्याचा धंदा करता करता मला उत्तर काही सापडलं नाही, किस्से मात्र साचत गेले. हे सगळे एकाच ऑर्डरचे. वडनेर भोलजीच्या मुलींच्या वसतिगृहासाठी लिंबू पिळलेला हिरवा ठेचा!

•

आमच्याकडे स्वयंपाकाचं सगळं निर्मलाबाई बघतात. त्यांनी ठेचा हुंगला. "वास तं मस्त येऊन राह्यला!"

त्यांची भाची प्राजक्ता मायक्रोबायोलॉजी शिकून लॅबमध्ये लागली आहे. ती म्हणाली, "मावशी, पोट बिघडवणाऱ्या जंतूंचा वास येईलच असं नाही."

"हाव न बाई, चोर का ढोल वाजवत येते!"

•

मी म्हटलं, फ्रीजमध्ये ठेवू, थंडीनं मरतील.

"मरत नाहीत काका, बहुतेक गप्प बसतात. काही तर तिथंही हळूहळू वाढतात."

निर्मलाबाईंनी पदरानं घाम पुसला. "आमी शेगडीपाशी भाजून राह्यलो, अन् मेल्यांले एसी!"

•

ठेचा कुटणारा आमचा गजानन लिंबू एकदम पिळत नाही. आज थोडं, उद्या थोडं, चव बघत बघत. हे कळल्यावर प्राजक्तानं कपाळाला हात लावला. "मामा, थोड्या आंबटाची सवय लागली की जंतू जास्त आंबटही सोसतात. कधी कधी आचही सोसतात!"

गजानन विचारात पडला. "म्हंजे रोज एक चापट खानारं पोट्टं. कोडगं होते, मंग काठीलेही भेत नाही."

इतकं सोपं विज्ञान मला कोणी सांगितलं नव्हतं.

•

पण वसतिगृहाचा ठेचा तसाच झाला होता. थोडा थोडा आंबट केलेला, वर जेमतेम गरम केलेला. नमुना प्राजक्ताच्या लॅबमध्ये गेला. प्राजक्ताचा फोन आला, "जंतू वाढवायच्या प्लेटवर काही उगवलं नाही." मी टेम्पो सांगितला.

दुसऱ्या दिवशी डबे चढले आणि पुन्हा फोन! "काका, थांबा! बाकीचे जंतू दाबायला त्या प्लेटमध्ये कडक औषध असतं, अधमेले तिथं उगवत नाहीत. म्हणून दुसरा नमुना आधी साध्या सूपमध्ये ठेवून पोसला. आता प्लेट भरलीय."

"अगं, काल तर सगळे मेले होते!"

"मेले नव्हते काका. निपचित पडले होते."

टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता. गजानन हळूच म्हणाला, "भाऊ, पह्यलाच रिपोर्ट दाखवू न. तोही खराच हाय!"

तोवर निर्मलाबाई पदर खोचून टेम्पोत चढल्या होत्या. पहिला डबा खाली देत म्हणाल्या,

"भाऊ, हिशोब खरा ठेवजा. जे उठून बसू शकते, त्याले मेलेल्यात नका धरू!"