त्या एका ‘तू’वरून

मला राग लवकर येतो असं घरात सगळे म्हणायचे आणि ते खरंही होतं. पण तो राग चहा निवेपर्यंत निवायचाही. त्या वर्षी आलेला राग तसा नव्हता. ते साप्ताहिक केव्हाच बंद पडलं, तो लेखकही गेला, पण मी अजून त्याच्याशी मनातल्या मनात भांडते.

एकोणीसशे साठच्या आसपासचा काळ. मी लोणावळ्यात प्राथमिक शाळेत शिकवत होते. भाऊ रेल्वेत होता, त्यामुळे आम्ही तिघं, भाऊ, वहिनी आणि मी, रेल्वेच्या क्वार्टर्समध्ये राहत होतो. दर गुरुवारी पुण्याच्या गाडीनं एक साप्ताहिक स्टेशनावरच्या स्टॉलवर यायचं. त्यात एक कादंबरी क्रमशः येत होती. शाळा सुटली की मी अंक घेऊन घरी यायचे आणि मागच्या पडवीत बसून मोठ्यानं वाचायचे. ऐकायला वहिनी असायची. शेजारच्या काकू असायच्या. त्यांचे यजमान मालगाडीवर गार्ड, म्हणून क्वार्टर्सची सगळी लाइन त्यांना गार्डकाकू म्हणायची. आणि कुरवंड्याहून दूध घालायला येणारी मावशी, रिकामी किटली मांडीशी धरून. तिला वाचता येत नव्हतं. आम्ही वाचलेलं ती परत जाऊन वाडीतल्या बायकांना सांगायची.

गोष्ट एका नर्सची होती. नदीकाठच्या गावात छोटा दवाखाना, तिथे ही एकटी. एक डॉक्टर आठवड्यातून एकदा मोटारीनं यायचा. गोरा, बोलका, हसरा. आणि नदीवर पूल बांधायला आलेला एक ओव्हरसियर होता, तो चार वाक्यांच्या जागी एक बोलायचा. प्रश्न एवढाच होता की ही कुणाची होणार. आणि या प्रश्नावरून आम्ही वर्षभर एकमेकींची डोकी खाल्ली.

मी ओव्हरसियरची. गार्डकाकू डॉक्टरच्या. वहिनी ज्याचा मुद्दा शेवटी मांडला जाईल त्याची. मावशी काही बोलायची नाही, नुसती ऐकायची.

मुद्दे हवेत मांडलेले चालायचे नाहीत. पुरावा लागायचा. डॉक्टरनं एकदा तिला शाल आणून दिली, ती तिनं घडी करून उशीखाली ठेवली. काकू म्हणाल्या, “झालं की मग! उशीखाली काय कुणाचंही ठेवतं माणूस?”

मी म्हटलं, “थंडीचे दिवस चाललेत, रात्री ती कुडकुडते असं लेखकानंच लिहिलंय. तरी शाल अंगावर घेत नाही. का घेत नाही?”

“जपून ठेवलीय.”

“नको आहे तिला!”

“बघू, काढ तो अंक.”

तो अंक वहिनीनं स्वयंपाकघरातल्या फळीवर अंथरला होता. आम्ही डाळी-तांदळाचे डबे खाली उतरवले, तेलाचे डाग पडलेला कागद उजेडात धरला आणि ते वाक्य पुन्हा वाचलं. ‘उशीखाली सारली’ असं होतं. मी ओरडले, “सारली! ठेवली नाही, सारली!” काकूंनी पदरानं घाम पुसला आणि म्हणाल्या की लेखकाला एवढं कुठलं सुचतंय. चित्रांवरूनही भांडायचो. चित्रकारानं तिला खिडकीशी उभी काढली होती आणि खिडकीतून पुलाचे खांब दिसत होते. काकूंचं म्हणणं, चित्र काढणारे गोष्ट वाचतच नाहीत.

मग तो पुराचा हप्ता आला. अर्ध्या बांधलेल्या पुलावर मजूर अडकलेत, ओव्हरसियर कंदील घेऊन निघतो आणि ती दवाखान्याच्या दारातून ओरडते, “नको, तू जाऊ नकोस!” तो परत येतो तेव्हा म्हणते, “तुम्ही किती भिजलात.”

मी वाचता वाचता थांबले. माझ्या अंगावर काटा आला होता. वर्षभर त्या दोघांचं ‘तुम्ही, तुम्ही’ चाललेलं, आणि हा एकच ‘तू’.

“छापायची चूक,” काकू लगेच म्हणाल्या. “खिळे जुळवणाऱ्याला झोप आली असेल.”

“आणि ‘नकोस’? ते पण चुकलं? ‘तू’ चुकून पडला असता तर पुढे ‘नका’ आलं असतं.”

काकू म्हणाल्या, “घाबरली होती गं. घाबरल्यावर माणूस काहीही बोलतं.”

“मी कितीही घाबरले तरी आमच्या हेडमास्तरांना ‘तू’ म्हणणार नाही.”

वहिनी भाकरी थापत होती. परातीकडे बघतच ती म्हणाली, “मी यांना एकदाच ‘तू’ म्हटलंय.” आम्ही तिघी तिच्याकडे बघायला लागलो. कधी, का, ते तिनं सांगितलं नाही. भाकरी तव्यावर टाकली आणि वरून पाणी फिरवलं. माझ्या दृष्टीनं निकाल तिथेच लागला होता.

भावाला या सगळ्याचं हसू यायचं. “कागदावरच्या बाईचं लग्न जमवताय! त्यापेक्षा स्वतःचं बघ.” मी भयंकर चिडायचे. हाच माणूस ड्यूटीवरून आला की मित्रांना घेऊन ओट्यावर बसायचा आणि क्रिकेटच्या संघात कुणाला घ्यायला हवं होतं यावर घसा बसेपर्यंत वाद घालायचा. त्या खेळाडूंपैकी एकालाही त्यानं डोळ्यांनी पाहिलेलं नव्हतं. पण ते बायकांचं नव्हतं ना, म्हणून ते शहाणपणाचं.

गुढीपाडव्याच्या आधीच्या गुरुवारी कादंबरी संपली. पूल पूर्ण झाला. ओव्हरसियरची बदली झाली. तो निघताना तिला भेटलासुद्धा नाही. आणि मग शेवटच्या परिच्छेदात, ‘यथावकाश तिचा डॉक्टरांशी विवाह झाला आणि ती सुखी झाली.’ खाली ‘समाप्त’.

मला वाटलं आता काकू मला टोमणा मारणार. पण त्यांनी माझ्या हातातून अंक ओढून घेतला, पान उलटून पाहिलं, दोन पानं चिकटलीत का ते नखानं पाहिलं.

“एवढंच?” त्या म्हणाल्या. “अगं, पण झालं कसं ते? तिनं हो कधी म्हटलं?”

त्या जिंकल्या होत्या आणि माझ्याइतक्याच संतापल्या होत्या.

मे महिन्यात मुंबईचे लोक हवा खायला लोणावळ्याला यायचे. एका संध्याकाळी मावशी दूध घालताना म्हणाली, “त्यो गोष्टीवाला बाबा हितंच आलाय. तुंगार्लीच्या बंगल्यात. मीच दूध घालते तितं. माळी सांगत व्हता, लय मोठा लेखक हाय म्हून.”

रविवारी सकाळी आम्ही चौघी गेलो. वहिनीनं लग्नातली साडी नेसली होती. वाटेत काकू मला बजावत होत्या, “नीट बोल हं. भांडू नकोस.”

तो व्हरांड्यात वेताच्या खुर्चीत बसला होता. बरोबर मुंबईचे पाहुणे होते, एक नवराबायको. आम्ही त्याच्या वाचक आहोत हे कळल्यावर तो खूश झाला, खुर्च्या मागवल्या, चहा सांगितला. मावशी पायरीवर बसली. त्यानं तिला खुर्ची मागवली नाही. तेव्हापासूनच माझं डोकं तापायला लागलं होतं.

मी सरळ विचारलं, “पुराच्या हप्त्यात ती ओव्हरसियरला एकदाच ‘तू’ म्हणते. ते का?”

“म्हणते?” तो म्हणाला. “असं आहे का?” आणि पाहुण्यांकडे बघून हसला. “बायका फार बारीक वाचतात हो. आम्ही बापडे एवढं बघत नाही.”

“तुम्ही लिहिलंय.”

“लिहिण्याच्या ओघात गेलं असेल.”

काकूंनी विचारलं, “आणि शाल? ती तिला हवी होती की नको होती?”

त्याला शालही आठवेना.

मी म्हटलं, “मग तिचं लग्न डॉक्टरशी का लावलंत?”

तो मोकळेपणानं म्हणाला, “खरं सांगू? माझ्या मनात ओव्हरसियरच होता. पण पाडव्याच्या अंकापासून दुसऱ्याची कादंबरी सुरू व्हायची होती. संपादक म्हणाले, या अंकात आटपा. ओव्हरसियरला परत आणायचं म्हणजे आणखी चार हप्ते तरी लागले असते. डॉक्टर हाताशी होता. आटपलं.” आणि पुन्हा हसला. “अहो, कुणाशी का होईना, लग्न झालं ना!”

माझं म्हणणं खरं होतं तर. एवढं वर्षभर भांडून जे मी सिद्ध करत होते ते खरं होतं, आणि त्या माणसाला त्याची काही किंमतच नव्हती. मला आनंद झाला नाही. कानशिलं गरम झाली. मी ज्या शब्दावर रात्र-रात्र विचार केला होता तो त्याच्या लक्षातसुद्धा नव्हता. आणि ‘कुणाशी का होईना’! घरात माझ्यासाठी स्थळं बघणं चालू होतं. भाऊ हेच शब्द वापरायचा.

पायरीवरून मावशी म्हणाली, “मंग आमी वरीसभर काय ऐकलं? वाडीतल्या बाया रोज इचारतात मला, पुढं काय झालं म्हून. त्यांना म्या काय सांगू?”

तो पाहुण्यांना इंग्रजीत काहीतरी बोलला आणि तिघंही हसले. मला पुरतं कळलं नाही, पण कशाला हसले ते कळायला इंग्रजी लागत नव्हतं.

मी उठले. “तुमच्या लक्षात नसेल तर लिहिता कशाला?” असं म्हटलं. आवाज चढला होता. तो म्हणाला, “बाई, तुम्ही उगाच मनाला लावून घेता.” मी म्हटलं, “हो, घेते. तुम्हीही घेतलं असतं तर बरं झालं असतं.” चहाचा ट्रे तेव्हाच येत होता. काकूंनी त्याकडे एकदा पाहिलं आणि त्याही उठल्या.

उतारावरून येताना काकू म्हणाल्या, “पण त्याच्या मनात काहीही असो. कागदावर शाल उशीखालीच आहे.” आणि आम्ही पुन्हा सुरू झालो. मला इतका राग आला होता की मी रस्त्यात उभी राहून त्यांच्याशी भांडले. वहिनी साडीच्या निऱ्या धरून पुढे निघून गेली.

पुढच्या आठवड्यात मी मावशीला विचारलं की वाडीत शेवट काय सांगितला.

“सांगितलं की, तिनं कुनाशीच केलं न्हाई,” ती म्हणाली. “डागदराला शाल परत धाडली आन् पूलवाला न सांगता गेला तर गेला म्हनली. दवाखाना मोठा केला. बाया लय खूश झाल्या.”

वहिनी खळखळून हसली. मी मात्र चिडले. “असं कसं सांगितलंस? त्याला आधार काय? ती पुलाकडे बघत उभी राहायची, ते?”

“खिडकी हाय तर मानूस बघनारच की,” मावशी म्हणाली.

“आणि तो ‘तू’?”

तिनं किटली उचलली. “त्यो पान्यात चालला व्हता. तवा काय अहो-जाहो करत बसनार व्हय?”

मी तिच्यामागून फाटकापर्यंत गेले, मुद्दे मांडत. ती ऐकायला थांबली नाही. कुरवंड्याचा रस्ता चढणीचा होता आणि तिला अंधार पडायच्या आत पोचायचं होतं.