लॅमॉन्टने केलेली सही

अमेरिकेतल्या गॅरी शहराच्या पोलाद कारखान्यात क्रेन चालवणारा लॅमॉन्ट प्रुइट एकेकाळी कॉलेजच्या बास्केटबॉल संघात होता. दुसरं वर्ष गाजवल्यावर खेळाडूंना व्यावसायिक संघांशी करार मिळवून देणारा एक एजंट घरी आला. "अजून दोन वर्षं कॉलेजसाठी फुकट खेळलास आणि गुडघा गेला, तर कोण विचारणार आहे तुला?" तो म्हणाला. हे काही खोटं नव्हतं. आई व्हर्नेल नको म्हणत असताना लॅमॉन्टने सही केली. व्यावसायिक संघांच्या निवडीसाठी नुसतं नाव दिलं असतं, तर ते मागे घेता आलं असतं. एजंटच्या कागदावर सही झाली की कॉलेजच्या संघाचं दार बंद, हा नियम त्याने वाचलाच नव्हता.

निवडीच्या दिवशी चर्चमधल्या बायका तळलेलं चिकन घेऊन लॅमॉन्टच्या घरी टीव्हीपुढे बसल्या. दोन्ही फेऱ्यांतली नावं संपली, लॅमॉन्टचं आलं नाही.

"गाढव आहेत मेले," त्यांच्यातली सिस्टर ओडेल म्हणाली.

सकाळीच तो कोचकडे गेला. "मला परत घ्या, कोच. बाकावर बसवलंत तरी चालेल."

"बाळा, तुला खेळवलं तर अख्खा संघ बाद होईल."

"मग नुसता शिकायला येऊ?"

"ये की. पण खेळाची शिष्यवृत्ती गेली. फी भरावी लागेल."

त्याच महिन्यात तो कारखान्यात लागला. पुढे कितीतरी वर्षांनी व्हर्नेलने एकदाच विचारलं, "थांबला असतास तर झाला असतास का रे मोठा?"

"नसतोही झालो, आई. पण ते मला कळलं तरी असतं."